मासोळी काय खाते?

रसेल आणि हिरालाल या दोघांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर जातीच्या पोटशाखांची एक यादी आहे. शिंगाडा लावणारे ते सिंगारिया, झिंगे धरणारे ते झिंगा, तागाचे दोर वळणारे ते बंधैया, मुरमुरे विकणारे ते धुरिया. याच यादीत बंसिया आणि सराया अशी आणखी दोन नावे येतात. बंसी किंवा सराई म्हणजे मासे धरायची बांबूची दांडी. या लोकांची समाजातली ओळखच दांडी, दोरी आणि गळ अशी होती.

जातीतली ही बारीक विभागणी आता मागे पडली, आणि पडली ते चांगलेच झाले. धंद्याच्या इतिहासाला मात्र ती यादी फार मोलाची आहे. गळाने मासे धरणे हा मध्य प्रांतात फावल्या वेळचा नाद नव्हता, त्यावर घरे चालत होती, हे त्या दोन नावांवरून कळते. आणि गळ टाकणाऱ्याला जाळेवाल्यापेक्षा एक गोष्ट जास्त ठाऊक असावी लागते. जाळे समोर येईल त्याला घेरते. गळाकडे मासोळीने आपण होऊन यावे लागते. ती काय खाते, दिवसा खाते की रात्री, तळाशी चरते की वर येऊन टिपते, हे ज्याला माहीत नाही त्याची गरी रिकामीच वर येते.

ही विद्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, तलावांवर कशी वाढली आणि पुढे तिचे काय झाले, हे पाहायला नवेगाव बांधइतकी योग्य जागा नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांनी त्याचा विस्तार सुमारे पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल दिला आहे. टेकड्यांमधल्या खिंडीत मातीची पाळ घालून पाणी अडवले गेले, ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि अडवले कोलू पाटील कोहळी यांनी. लोकांनी पुढे या माणसाला देव केले. कोलासूर देव म्हणून त्याचे ठाणे तलावाभोवतीच्या एका शिखरावर आहे. त्या शिखरांना सात बहिणी म्हणतात. बांधाचे काम तडीला नेण्यासाठी या बहिणी कोलूच्या मदतीला धावल्या अशी श्रद्धा आहे. राजाला, सरदाराला देवपद देणारे मुलुख पुष्कळ आहेत. तलाव बांधणाऱ्या पाटलाला देव्हाऱ्यात बसवणारा मुलुख पाण्याची किंमत नेमकी ओळखून होता.

कोहळी ही संख्येने लहान जात. १९११ च्या जनगणनेत मध्य प्रांतात त्यांची मोजदाद सुमारे २६,००० भरली, आणि ती जवळजवळ सगळी भंडारा आणि चांदा (आजचा चंद्रपूर) या दोन जिल्ह्यांत. काशीयात्रेला गेलेल्या गोंड राजाने त्यांना तिकडून आणले, अशी त्यांची परंपरागत कथा. कथेचे काय असेल ते असो. वैनगंगेच्या खोऱ्यातले तलाव ही त्यांची करणी आहे याबद्दल रसेल-हिरालालांनाही शंका नव्हती. चांद्याच्या गोंड राजांचे धोरण असे होते, की जो तलाव बांधील त्याला तलावाखालची जमीन मिळेल. चंद्रपूर जिल्ह्यात आजही गावांच्या नावांना तुकूम हा शब्द जोडलेला दिसतो, तो या देणग्यांचा. या प्रदेशात आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखली जाणारी सुमारे सात हजार तळी आहेत. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. पाण्याला धरून ठेवणारी ती पाळ, पाणी शेताला सोडायचे ते तुडुम, आणि जास्तीचे पाणी वाहून जायचा तो सांडवा. एवढ्या तीन गोष्टींवर कोहळ्यांनी धानाची आणि उसाची शेती उभी केली.

तलाव बांधले धानासाठी. मासोळी त्यात आपोआप आली, आणि तिच्या मागोमाग ढिवर.

पण तलावात मासोळी टिकते ती निव्वळ पाण्यावर नव्हे. कोहळ्यांच्या तलावाची घडण तिच्या कामी आली. पाळीच्या बाजूला पाणी खोल, आणि समोरच्या बाजूला जमिनीच्या उताराबरोबर हळूहळू उथळ होत गेलेले. पावसाळ्यात तलाव फुगतो, जंगलातून वाहत आलेला पाचोळा आणि माती घेऊन पसरतो. धानाला पाणी लागले की तुडुम उघडते आणि पातळी उतरू लागते. उन्हाळ्यात काठचा तळ उघडा पडतो, तापतो, भेगाळतो. त्यावर गुरे चरतात, त्यांचे शेण पडते. पुढच्या पावसात तोच तळ पुन्हा पाण्याखाली जातो आणि त्यात गाडलेले बी आणि कंद फुटून वर येतात. उथळ पाण्यात देवधान, म्हणजे जंगली भात, उगवते. त्याच्या पुढे कमळे आणि कुमुदे, आणि पाण्याखाली हायड्रिलासारख्या बुडीत वनस्पतींचे दाट रान.

हे रान म्हणजे किड्यांचे माहेर आहे. पावसाळा संपताना ज्या चतुरांचे थवे शेतांवर भिरभिरतात, त्यांचे बालपण पाण्यात गेलेले असते. चतुराची आणि टाचणीची पिल्ले पाण्याखालच्या देठांना धरून राहतात, शिकार करतात, अनेकदा कात टाकतात आणि अखेर देठावर चढून पंख फुटल्यावर उडतात. मे-फ्लाय नावाचा नाजूक कीटक पंख फुटल्यावर काही तास, फार तर एखाददुसरा दिवस जगतो. त्याआधीचे महिनोन्महिने तो पाण्यात असतो. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कायरोनोमिड माशांच्या अळ्या तळच्या चिखलात राहतात. त्या रक्तासारख्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते आणि त्याच्या जोरावर प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तगतात. शिवाय पाण्यावर उलटे पोहणारे ढेकूण, बुड्या मारणारे भुंगे, गोगलगायी, शिंपले. एवढा सगळा चारा काठच्या गुडघाभर पाण्यात तयार होतो.

म्हणून मासोळीही तिथेच येते. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसते. बेडूक आणि लहान मासे हे तिचे मोठेपणीचे खाणे, पण तिची पिल्ले आधी बारीक पाणकिड्यांवर वाढतात. तांबूस पिल्लांचा घोळका पाण्यात फिरतो आणि आईबाप त्याच्या खाली पहारा देतात. वाघूर रात्री तळाशी चाचपडत अळ्या आणि गांडुळे शोधते. शिवडा या सगळ्यांवर टपलेला. झिंगे कुजक्या पाल्यात. आणि ज्यांना बाजारात वेगळे नावही मिळत नाही, सगळ्यांची मिळून एकच वाटी होते, त्या बोटभर मासोळ्या पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेले किडे टिपत असतात.

गरीला काय लावायचे, हा निर्णय या सगळ्या माहितीतून होतो. मरळीसाठी बेडकाचे पिल्लू, तळच्या मासोळीसाठी गांडूळ, वर येणाऱ्यासाठी नाकतोडा, शाकाहारी माशाला कणकेची गोळी. विदर्भातल्या कुठल्याही तलावावर गळ टाकणारा माणूस हे सांगेल. त्याने हे पुस्तकात वाचलेले नसते. आणि घरात मासोळी साफ करणाऱ्या बाईला तर त्याच्याहूनही जास्त कळते, कारण मासोळीच्या पोटात काय निघाले हे तिने रोज पाहिलेले असते.

पाण्यातला किडा आणि गळ यांचे हेच नाते युरोपात वेगळ्या वाटेने गेले, आणि त्याची वाट लक्षात घेतली तर ढिवरांची विद्या कशाच्या तोडीची होती हे कळते. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात इलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या एका नदीवरची मासेमारी वर्णिली आहे. तिथले मासे पाण्यावर उडणारी एक माशी टिपत. ती माशी गळाला लावावी तर हाताचा स्पर्श होताच तिचा रंग जातो, पंख चुरगळतात. मग तिथल्या कोळ्यांनी गळाला तांबडी लोकर गुंडाळली, त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधली आणि मासा फसवला. बनावट माशीचा हा सर्वांत जुना वृत्तान्त मानला जातो. १४९६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवरचा एक प्रबंध छापला, त्यात अशा बारा माश्या महिनावार दिल्या आहेत.

या माश्यांचे पुढे दोन पंथ झाले. एक पाण्यावर तरंगणाऱ्या माशीचा, दुसरा बुडणाऱ्या माशीचा, म्हणजे वेट फ्लायचा. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्टने १८५७ साली बुडणाऱ्या माशीची बाजू हिरिरीने मांडली. रेशमाचा धागा, त्यावर पक्ष्याच्या मऊ पिसाचे दोनतीन वेढे, एवढेच तिचे साहित्य. पिसाचे तंतू प्रवाहात हलतात आणि पाण्यातून वर येणाऱ्या किड्याच्या पायांचा भास होतो. पुढे इंग्लंडमध्ये तरंगत्या माशीचा इतका दबदबा झाला, की दक्षिणेकडच्या नद्यांवर बुडणारी माशी वापरणे कमीपणाचे ठरले. त्याला उत्तर दिले जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने, १९१० च्या आपल्या पुस्तकात. पुढे तो धरलेल्या ट्राउट माशाच्या पोटातला चारा लांब चमच्याने काढून बशीत पाण्यावर सोडायचा आणि त्यातले किडे ओळखायचा. त्याला दिसले ते असे, की ट्राउट आपले बहुतेक खाणे पाण्याखालीच उरकतो; पंख फुटलेली माशी ही त्याच्या ताटातली कधीमधीची गोष्ट आहे. स्क्यूजने वकिलाच्या चिकाटीने जे सिद्ध केले, ते मासोळी चिरणाऱ्या बाईच्या विळीवर रोज सिद्ध होत होते. स्क्यूजने ते लिहून ठेवले, आपल्याकडे ते लिहिले गेले नाही, एवढाच फरक. पण इतिहासात हा फरक फार मोठा ठरतो.

ट्राउट नवेगाव बांधला कधी आला नाही आणि येणेही शक्य नव्हते. त्याला वीस अंशांच्या आतले थंड पाणी लागते. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये त्याची अंडी आणून हारवानला पिल्ले वाढवली, पुढे निलगिरीतही तो रुजवला. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो एक दिवसही तगला नसता. मैदानी मुलखातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी मग आपला मोर्चा तलावांकडे वळवला. मद्रास इलाख्यातल्या मुलकी नोकरीत असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमसने १८७३ मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर मोठे पुस्तक लिहिले, आणि १८८७ मध्ये निव्वळ तलावांतल्या गळावर दुसरे, ‘टँक अँगलिंग इन इंडिया’. इंग्रजी शिकारी साहित्यात तलावाला स्वतंत्र पुस्तक मिळावे, ही या देशातल्या तळ्यांना दिलेली दादच म्हणायची.

मात्र दख्खनमध्ये गळावर लिहिणारा थॉमस पहिला नव्हता. त्याच्या साडेसातशे वर्षे आधी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. साल सुमारे ११३०. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठी मुलखाच्या वेशीवरचे; आणि मराठी पदांचे फार जुने नमुने ज्या ग्रंथात सापडतात तोच हा ग्रंथ. राजाच्या करमणुकींच्या भागात त्याने मत्स्यविनोद नावाचे प्रकरण घातले आहे. मासे समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, अशी त्यांची विभागणी केली आहे. काठी, दोरी, गळ कसे असावेत ते सांगितले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणत्या माशाला कोणते आमिष, कोणत्या जागी आधीपासून चारा टाकून त्याला सवय लावायची, याचा तपशील आहे. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा मत्स्यशास्त्राच्या अंगाने अभ्यास प्रसिद्ध केला. वेस्टमिन्स्टरच्या त्या प्रबंधापेक्षा हे प्रकरण साडेतीनशे वर्षांनी जुने आहे. राजाला ही माहिती कोणी दिली असेल? राजाने स्वतः पाण्यात उतरून माशांची खाद्ये शोधली असतील असे मानणे कठीण आहे. ती विद्या नदीकाठच्या धीवरांची होती. सोमेश्वराचे मोठेपण हे, की त्याने ती संस्कृतात बांधून ठेवण्याच्या योग्यतेची मानली.

पुन्हा नवेगाव बांधकडे वळावे.

१८६० नंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी मध्य प्रांतातल्या पाटलांना मालगुजार केले आणि गावाबरोबर तलावही त्यांच्या मालकीचे झाले. कोणाच्या शेताला आधी पाणी, पाळीच्या दुरुस्तीला कोणी किती हात द्यायचे, हे गावच्या रिवाजाने ठरे आणि वाजिब-उल-अर्ज या गावच्या दस्तात त्यातले बरेच नोंदले जाई. ढिवर मालगुजाराच्या परवानगीने मासे धरत, शिंगाडा लावत, आणि त्यातला वाटा देत. या व्यवस्थेचे गोडवे गायचे कारण नाही. ढिवराच्या हाती हक्क नव्हता, मेहेरबानी होती; पालखी वाहणे आणि पाणी भरणे ही कामेही त्याच्याच माथी होती. पण एक गोष्ट खरी. तलावाची पाळ, तळ, पाणी आणि मासोळी हे सगळे एकाच गावाच्या नजरेखाली होते. पाळ खचली तर मालगुजाराचे धान बुडे, म्हणून ती दुरुस्त होई. गाळ शेतात नेला जाई. काठावरची पाणवनस्पती कोणाच्या आड येत नसे.

३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. जमीनदारी जाणे न्यायाचे होते. पण तलाव सरकारकडे आले आणि त्यांचे तुकडे पडले. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया वेगळा झाला. या बदलांत लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मासे मत्स्यव्यवसाय खात्याच्या अखत्यारीत, जमीन महसुलाच्या, भोवतालचे रान वनखात्याचे. पूर्वी पाळीवर उभे राहून एक माणूस जे सगळे एका नजरेत पाहत होता, ते आता चार कचेऱ्यांच्या चार फायलींत पाहावे लागते.

ढिवरांच्या हाती मात्र या काळात पहिल्यांदा काहीतरी ठोस आले. मच्छीमार सहकारी संस्था निघाल्या आणि तलाव ठेक्याने त्यांना मिळू लागले. पालखी गेली, संस्था आली. हा बदल लहान नव्हता.

याच सुमाराला मासेमारीचे शास्त्रही बदलले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्याआधी रोहू, कटला, मृगळ यांचे बी नद्यांच्या पुरातून गोळा करावे लागे. आता ते हौदात तयार होऊ लागले. १९५९ मध्ये परदेशातून गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, आणि सिल्व्हर कार्प आणले गेले. रोहू, कटला, मृगळ आणि हे परदेशी कार्प मिळून एकत्र वाढवायची पद्धत देशभर पसरली. या शोधाने कोट्यवधी लोकांच्या ताटात मासा आला. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, तो रास्तच आहे.

पण शेततळ्याला जे लागू पडते ते कोहळ्यांच्या तलावाला जसेच्या तसे लागू पडत नाही. ठेका घ्यायचा, बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्ले सोडायची, वजन झाले की जाळे ओढायचे, या हिशेबात तलावातल्या मूळ मासोळ्यांना जागाच नव्हती. मरळ आणि शिवडा सोडलेले बी खातात म्हणून ते शत्रू ठरले. बोटभर मासोळ्यांना किंमत नाही म्हणून त्या हिशेबाबाहेर. ग्रास कार्प तर पाणवनस्पतीच खातो, आणि भरपूर खातो. ज्या रानात चतुराची पिल्ले, लाल अळ्या, गोगलगायी वाढत तेच रान त्याचा चारा झाले. त्यात बेशरमाची भर पडली. ही बाहेरून आलेली झुडुपी वेल तलावांच्या उथळ काठावर, नेमकी देवधानाच्या जागी, दाटीने पसरली. शेतातून रासायनिक खते आणि कीटकनाशके वाहत आली. देशी मासोळी एकाएकी नाहीशी झाली नाही. आधी तिचा चारा गेला, मग अंडी घालायच्या जागा गेल्या, मग ती विरळ झाली.

गरीवर जगणारी माणसे सर्वांत आधी या बदलाच्या तडाख्यात आली असणार. जाळेवाल्याला कटला मिळतो, वजन भरते. लहान मासोळी धरून बाजारात नेणाऱ्या बाईची टोपली मात्र हलकी होत जाते. मोठे कार्प ठेकेदाराच्या गाडीत बसून शहरात जातात, आणि काट्यांसकट खायची बारीक मासोळी, जिच्यातून गरिबाच्या घरातल्या पोराला चुना आणि लोह मिळायचे, ती गावच्या चुलीवरून उठते. नुसत्या टनांच्या आकड्यांत हा तोटा दिसत नाही.

नवेगाव बांधचे नाव महाराष्ट्रभर झाले ते वेगळ्या कारणाने. १९७५ मध्ये इथल्या जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली इथे राहिले. गावातल्या माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकाराच्या सोबतीने त्यांनी इथले पाणी आणि पक्षी पाहिले, आणि ‘नवेगाव बांधचे दिवस’ लिहून हा तलाव मराठी वाचकाच्या घरात पोहोचवला. पक्षीकोशाबरोबर मत्स्यकोशही करणारा हा लेखक होता, ही गोष्ट त्यांच्या पक्ष्यांच्या कीर्तीआड थोडी झाकली गेली. रानात राहणाऱ्या माणसांकडून नावे आणि सवयी विचारून घ्यायच्या आणि त्या आदराने नोंदवायच्या, ही त्यांची रीत. सोमेश्वरानंतर आठ-नऊ शतकांनी तीच रीत मराठीत पुन्हा दिसली. १८ जून २०२५ रोजी सोलापुरात चितमपल्ली गेले.

त्यांच्या पुढचे पाऊल टाकले ते अर्जुनी मोरगाव परिसरातल्या ढिवरांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मनीष राजनकर यांनी. राजनकर यांच्या फीड या संस्थेने भंडारा-गोंदियातल्या मच्छीमारांशी बसून तलावांचे ज्ञान नोंदवले: कोणती मासोळी कोणत्या वनस्पतीत अंडी घालते, कोणती काय खाते, कोणती पाणवनस्पती कुठल्या खोलीवर उगवते, कोणता पक्षी तिथे उतरतो. मग त्या ज्ञानावर भरवसा ठेवून प्रत्यक्ष काम सुरू झाले. बेशरम मुळासकट उपटायचा. उन्हाळ्यात तलावाचा उघडा तळ नांगरायचा, म्हणजे घट्ट झालेली माती मोकळी होते. पावसाच्या तोंडावर हायड्रिलासारख्या वनस्पती दुसऱ्या चांगल्या तलावातून आणून लावायच्या. परदेशी कार्प सोडायचे थांबवायचे आणि देशी मासोळीला वाढू द्यायचे. चिखलात उतरून हे काम करणाऱ्यांत ढिवर समाजाच्या बाया पुढे होत्या आणि आहेत. ज्या तलावांवर हे झाले तिथे देशी मासोळ्या परतल्या आणि त्यांच्यामागे पक्षीही आले.

ही पद्धत बाहेरून पाहणाऱ्याला उलटी वाटेल. मासे वाढवायचे तर मासे सोडावेत. इथे तर आधी गवत लावतात! पण स्क्यूजने बशीत पाहिलेले आणि ढिवरिणीने विळीवर पाहिलेले सत्य हेच आहे. वनस्पती असेल तर किडा, किडा असेल तर मासोळी. गळ टाकणाऱ्याने माशाचे खाणे ओळखून आमिष निवडले. या बायांनी ते खाणेच तलावात पुन्हा पेरले. बंसियांची विद्या आज अशा रूपात जिवंत आहे, आणि ती पहिल्यापेक्षा अधिक उपयोगाची झाली आहे असे म्हणायला हरकत नाही.

आता सगळीकडे माजी मालगुजारी तलावांतला गाळ काढायच्या योजना आहेत आणि त्यांची गरज आहे. मात्र यंत्राने काम करताना तलावाला सरळ कडांचा खोल हौद करायची घाई होते. त्यात काठचा उथळ पट्टा खरवडला जातो, बी आणि कंद असलेला मातीचा थर शेतात जातो, आणि पाणी वाढूनही मासोळी वाढत नाही. म्हणून ज्यांच्या गावात असा तलाव आहे त्यांनी एवढे करावे: कामाचा आराखडा ठरायच्या आधी गावच्या मच्छीमार संस्थेला आणि बाजारात मासोळी घेऊन बसणाऱ्या बायांना ग्रामसभेत बोलवावे, कोणता भाग खोदायचा आणि कोणता तसाच ठेवायचा ते त्यांना विचारावे, आणि त्यांनी सांगितलेला उथळ काठ आराखड्यात नकाशावर दाखवून सोडायला लावावा.